ड्रायव्हरचा चेंडू उजवीकडे वळतो: पकड बदलावी की स्विंग?

प्रश्न: मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या काठीचे) फटके बऱ्यापैकी सरळ जातात, परंतु ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्यांच्या काठीने) मारलेला चेंडू आधी डावीकडे निघून नंतर उजवीकडे वळतो. जवळचे पटही (चेंडू होलमध्ये घालण्याचे हलके फटकेही) चुकतात. सुरुवात पकडीपासून करावी का?

प्रतिसाद १: चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यत्वे क्लबफेस (काठीचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) ठरवतो आणि तो पुढे किती वळतो हे फेस व स्विंगचा मार्ग यांतील कोनावर अवलंबून असते, त्यामुळे आपला फेस लक्ष्याच्या डावीकडे असूनही मार्ग त्याहून अधिक डावीकडे, म्हणजे बाहेरून आत, जात असणार. ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) कमी असल्याने हाच दोष त्यात अधिक उठून दिसतो. केवळ पकड बदलून हात काठीवर उजवीकडे वळवले, तर चेंडू थेट डावीकडच्या झाडीत जाईल! आधी खांद्यांची रेषा तपासावी.

प्रतिसाद २: सहमत. गोल्फपटू हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाणारी ओव्हरलॅपिंग पकड (उजवी करंगळी डाव्या बोटांवर ठेवलेली) असो वा जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स यांची इंटरलॉकिंग (करंगळी डाव्या तर्जनीत अडकवलेली), निवड सोयीची आहे. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन-तीन सांधे वरून दिसले म्हणजे पुरे.

प्रतिसाद ३: पटिंगविषयी कोणीच बोलले नाही. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, परंतु वेगात आलेल्या चेंडूसाठी तो प्रत्यक्षात अरुंद ठरतो. पटरच्या (पट मारण्याच्या काठीच्या) डोक्यापेक्षा किंचित रुंद अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवून त्यांमधून पटर नेण्याचा सराव करावा. मनगटे हलली की पटर लगेच टीला लागतो.