बोक्यासाठी एकच खेळणं घ्यायचंय, कोणतं घेऊ?

सायंतारा
मंडळी, सल्ला हवाय. आमचा ढब्बू, बोका, वय २ वर्षं, नसबंदी झालेली, वजन साडेपाच किलो (डॉक्टर म्हणतात अर्धा किलो उतरवा). घराबाहेर सोडत नाही. दिवसभर मी कामावर आणि हा झोपलेला. मी आले की खातो, पुन्हा झोपतो. पहाटे ४ ला मात्र अंगात येतं. आधी पांघरुणात हलणारे माझे पाय धरतो. मग टेबलावर चढून एकेक वस्तू पंजाने कडेपर्यंत सरकवतो, माझ्याकडे बघतो आणि ढकलतो. काल चष्मा गेला.

अटी कृपया नीट वाचा:
१. विकत एकच वस्तू घेणार, तीही स्वस्तातली. बाकी घरात आहे त्यात भागवायचंय.
२. भाड्याची एक खोली आहे. भिंतीला खिळा मारता येणार नाही.
३. बॅटरीचं काही नको.
४. दुसरं मांजर आणणार नाही.

बिनकामाचा
दुसरं मांजर आणा. आमच्याकडे दोन आहेत, एकमेकांत दमतात, आम्ही निवांत.

सायंतारा
अट क्र. ४.

उंबरठा
भिंतीवर फळ्या ठोका हो! आम्ही नऊ फळ्या आणि वर एक झुलता पूल केलाय, सुताराकडून मापं घेऊन. आमची राणी जमिनीवर पाय ठेवत नाही. मांजराला उंची लागते, त्याशिवाय सगळं फुकट. पाहुणे आले की आधी फळ्यांचे फोटो काढतात.

टिंबटिंब
लेझर घ्या. लाल ठिपका. तुम्ही पलंगावर लोळा, तो पळेल. दहा मिनिटांत काम फत्ते. छोटी बॅटरी असते, पण ती काय बॅटरी म्हणायची!

कोरडा शेरा
शीर्षकात बोका, प्रतिसादांत मांजर, आणि एका महाभागाने मांजराला 'ती' केलंय. ते मांजर. मादी असेल तर मांजरी किंवा भाटी. एवढं तरी जपा.

रानजाई
सायंतारा, काठी-दोरी-पिसं असं जे खेळणं मिळतं ते घे. साधं घे, पिसं बदलता येतील असं. पण घेण्यापेक्षा ते हलवायचं कसं हे महत्त्वाचं. नव्वद टक्के लोक ते मांजराच्या तोंडासमोर फडफडवतात आणि मग म्हणतात 'आमचं खेळतच नाही'. उंदीर कधी आपण होऊन मांजराच्या तोंडात येतो का? आणि वीतभर अंतरावरचं त्याला धड दिसतही नाही, तिथे मिशांवर काम चालतं.

पिसं त्याच्यापासून लांब न्यायची. जमिनीलगत, सरळ रेषेत नाही, थांबत थांबत. मग उशीच्या मागे अर्धी लपवायची आणि नुसतं टोक थरथरवायचं. आता त्याच्याकडे बघ. कान पुढे, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, हनुवटी जमिनीला, आणि मागचा भाग डावी-उजवीकडे हलायला लागला की समज गाडी स्टार्ट झाली. त्या क्षणी घाई करायची नाही. झडप घातली की दोनदा निसटू द्यायचं, तिसऱ्यांदा पकडू द्यायचं. पकडल्यावर लगेच ओढून घेऊ नकोस, चावू दे, मागच्या पायांनी लाथा मारू दे. शिकार मिळालीच नाही तर खेळ कसला, नुसती चिडचिड.

दबा धरून बघत बसणं हाही खेळच आहे बरं का. पळाला नाही म्हणून हात टेकू नकोस.

आजोबा ऑनलाइन
रानजाईताईंचं बरोबर, पण खेळ संपला की काठी कपाटात. बाहेर ठेवायची नाही म्हणजे नाही. मी का सांगतोय ते ऐका.

आमचा मन्या. सौ. विणकाम करत होती, फोन वाजला म्हणून उठली. परत आली तर दीड हात लोकर गायब. आम्ही शोधली, गुंडाळली असेल कुठे म्हणून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी मन्या उलट्या करतोय, खात नाही, पलंगाखालून येत नाही. डॉक्टरांनी तोंड उघडलं तर जिभेच्या मुळाशी एक धागा अडकलेला, बाकीचा आत. लेंग्याची नाडी ओढली की कशा चुण्या पडतात, तसं आतडं त्या धाग्यावर गोळा झालं होतं. ऑपरेशन झालं. वाचला. सौ.ने त्यानंतर सुया हातात धरल्या नाहीत.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा तोंडात गेला की त्याला थुंकायचं म्हटलं तरी जमत नाही. तोंडातून किंवा मागून दोरा दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं. थेट डॉक्टर. चित्रातलं मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळतं ते चित्रातच बरं.

झुळूक
+१ आजोबा. केसांचे रबर पण. आणि खेळण्यातल्या उंदराचे चिकटवलेले डोळे, शेपटीची घुंगरं. आणल्याबरोबर मी स्वतः उपटून टाकते.

बिनकामाचा
दोन मांजरं असली की दोऱ्याची गरजच पडत नाही.

झुळूक
मला वाटतं कॅटनिप (मांजरांना धुंदी आणणारी एक वनस्पती) भरलेली उशी बघ. आमची इतकी लोळते, इतकी लोळते की व्हिडिओ काढून ठेवलेत.

उंबरठा
कॅटनिप म्हणजे थोतांड. आमच्या राणीने हुंगलं आणि त्यावर पाठ करून बसली. पैसे पाण्यात.

मधली वाट
थोतांड नाही. साधारण तिघांतल्या एका मांजराला कॅटनिपने काहीही होत नाही, ते रक्तातच असतं किंवा नसतं. लहान पिल्लांनाही काही वाटत नाही. ज्यांना चढतं त्यांचंही दहा-पंधरा मिनिटांत उतरतं, आणि मग बराच वेळ पुन्हा चढत नाही. उशी सतत समोर पडलेली असेल तर मांजर तिच्याकडे ढुंकून बघत नाही ते त्यामुळे. डब्यात बंद ठेवायची, आठवड्यातून एकदोनदा काढायची.

लेझरबद्दल. ठिपका पंजात कधीच येत नाही. काही मांजरं नंतर भिंतीवरच्या कुठल्याही उजेडाकडे, घड्याळाच्या कवडशाकडेसुद्धा तासन्‌तास बघत बसतात. वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या वस्तूवर नेऊन थांबवा आणि ती पकडू द्या. डोळ्यांवर कधीही नाही.

टिंबटिंब
आमच्या बंड्याला चार वर्षं लेझर मारतोय. काही झालं नाही. ठणठणीत आहे.

रानजाई
संध्याकाळी भिंतीकडे बघत बसतो का?

टिंबटिंब
ते तो आधीपासून बसतो.

रानजाई
चार वर्षांपासून?

टिंबटिंब
असेल. सगळ्याच मांजरांना कवडसे आवडतात. उंदराला मांजर साक्ष असली चर्चा नको.

कोरडा शेरा
म्हण चुकीच्या जागी वापरली आहे. तुम्हाला 'मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव' म्हणायचं असावं. तीही इथे बसत नाही म्हणा.

पायरीवरचा
मी हातानेच खेळवतो. बोटं पांघरुणाखाली हलवायची, मस्त झडप घालतो. खर्च शून्य. (कोपरापर्यंत ओरखडे आहेत, पण प्रेम आहे.)

झुळूक
नको नको! पिल्लू असताना गोड वाटतं. मोठा झाल्यावर तेच पाय धरणं होतं. सायंतारा, तू याला लहानपणी हाताने खेळवलंस ना? खरं सांग.

सायंतारा
हो :(

झुळूक
तरीच. आता चावला की ओरडू नकोस, हात झटकून ओढूही नकोस, ओढला की तो शिकार समजून अजून घट्ट धरतो. हात ढिला सोड, स्तब्ध राहा आणि तोंडात मोजा कोंब. म्हणजे त्याच्या. जुन्या मोज्यात कागदाचे बोळे भरून गाठ मार, हातभर लांब झाला पाहिजे, म्हणजे पुढच्या पायांनी कवटाळून मागच्या पायांनी लाथा मारता येतात. खर्च नाही, बॅटरी नाही, खिळा नाही.

आजोबा ऑनलाइन
मोज्याचा धागा निघाला तर?

झुळूक
बघायचं ना मधूनमधून, आजोबा. उसवला की फेकायचा.

मधली वाट
खेळणी बदलती ठेवणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी. २००२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मांजरांना तेच ते खेळणं पुन्हा पुन्हा देऊन पाहिलं. प्रत्येक वेळी खेळ कमी होत गेला. पण तेवढ्यात काही मिनिटांच्या आत वेगळं खेळणं पुढे केलं, तर मांजरं पहिल्यापेक्षाही जोरात खेळली. म्हणजे मांजर कंटाळतं ते त्या वस्तूला, खेळाला नाही. पिसांना कंटाळला की लगेच मोजा, मोज्यानंतर कागदाचा बोळा. उरलेलं सगळं नजरेआड. आठवड्याने काढलं की नवं.

आणि वेळ रात्रीची ठेवा. मांजराची धावपळ मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला असते, त्यात तुमचा बोका दिवसभर झोपून ताजातवाना. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दमवा, शेवटची शिकार पकडू द्या, आणि लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर थांबवा. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या बाबतीत ते चांगलं लक्षण नाही.

पहाटे ४ ला काहीही पडलं तरी उठायचं नाही, बोलायचं नाही. तुम्ही दिवा लावलात की त्याचं काम झालं.

उंबरठा
जेवण वाटीत न देता शोधायला लावा. आमच्याकडे तीन मजली कोडं आहे, खण ओढल्याशिवाय दाणा मिळत नाही. राणी दोन मिनिटांत सोडवते. डॉक्टर म्हणाले अशी मांजरी बघितली नाही.

पायरीवरचा
प्लॅस्टिकच्या बाटलीला दोन-तीन भोकं पाडली तरी तेच होतं. कोरडे दाणे टाकायचे, लोळवली की एकेक पडतो. भोकांच्या कडा बोटाला लागत नाहीत ना बघायचं. वजन उतरवायचंय ना? रोजच्या मापातलेच दाणे, वरचे नाही.

मधली वाट
गंमत म्हणजे २०२१ मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात, बाहेर फिरणाऱ्या ज्या मांजरांना रोज ५-१० मिनिटं खेळवलं त्यांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली, पण ज्यांना कोड्यातून जेवण दिलं त्यांची ३३ टक्क्यांनी वाढली.

उंबरठा
म्हणजे आमची राणी चुकीची का?

मधली वाट
राणीबद्दल कोण काय बोललं? ती मांजरं बाहेर जाणारी होती. ढब्बू घरातच असतो, त्याला बाटली द्यायला हरकत नाही.

बिनकामाचा
बाहेर सोडा की मग. गळ्यात घंटा बांधा.

आजोबा ऑनलाइन
बांधणार कोण?

झुळूक
खिक्.

कोरडा शेरा
ही मात्र योग्य जागी.

रानजाई
धागा मूळ प्रश्नावर आणू या. सायंतारा, काठी घेतलीस का?

सायंतारा
सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी सविस्तर लिहितेय.

काठी घेतली नाही. मैत्रिणीची दोन दिवसांसाठी आणून बघितली. ढब्बूला आवडली, मला नाही. दिवसभर उभं राहून काम केल्यावर रात्री पुन्हा खाली बसून काठी हलवायची माझी ताकद नाही, आणि दोरी कपाटात ठेवायचं मी दुसऱ्याच रात्री विसरले. आजोबा, रागावू नका, उठून ठेवली.

मग असं झालं. कपाटातून बाबांचा जुना चामड्याचा पट्टा निघाला, जाड, दोन बोटं रुंद. बक्कल कापून टाकलं. एक टोक कमरेला मागे खोचलं आणि रात्री केर काढायला घेतला. पट्टा माझ्यामागून फरशीवर सरपटत येतोय, मी वळले की तोही वळतोय, पलंगाच्या पायाआड जातोय, पुन्हा दिसतोय. रानजाई, तू सांगितलेलं सगळं तो पट्टा आपोआप करतो! ढब्बू दाराआडून बघत होता. मागचा भाग हलला. मी मुद्दाम केर सावकाश काढला. धाडकन येऊन पट्ट्यावर पडला आणि कवटाळून लाथा. मी थांबले, चावू दिलं, मग पुढचा कोपरा. खोली एवढीशी, पण आता रोज दोनदा झाडते. त्यानंतर बाटली. दाणे मापून.

मोजा केला होता, तो उघडून त्यातला कागद सगळीकडे केला. बाद.

पहाटेचं म्हणाल तर ४ चं ४:४० झालंय. पहिले पाच दिवस उलट जास्त आरडाओरडा केला, मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. पाय अजून धरतो, पण सोडतो लगेच. वजन परवा करणार आहे.

आणि विकत घेतलेली एकच वस्तू: नव्या चष्म्यासाठी कडक डबी. ती तो रोज ढकलतो. वाजते जोरात, पण आतलं फुटत नाही.

आजोबा ऑनलाइन
पट्ट्याची टोकं कुरतडतो का तेवढं बघत जा. तुकडा निघाला की पट्टा फेकायचा. आणि खेळून झाल्यावर कपाटात.

सायंतारा
खुंटीला लावते, आजोबा. आधीचीच खुंटी आहे, मी ठोकलेली नाही.

उंबरठा
खुंटी चालते तर एक फळी का नाही चालत?

टिंबटिंब
लेझर घेतला असता तर झाडायला लागलं नसतं.

नवा गडी
छान माहितीपूर्ण धागा, आमच्याकडेही अगदी हेच. काठीवालं खेळणं शेवटी कुठलं घेतलंत?