पेंढ्यापासून इथेनॉल: जंतू सुधारून घोडं पुढे जाईल?

बांधावरून: पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना 2022 मध्ये सुरू झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. वर्षाला 2 लाख टन पेंढा, 3 कोटी लिटर इथेनॉल असा अंदाज होता, म्हणजे टनाला 150 लिटर. साखरेचं इथेनॉल करणाऱ्या, जनुकं बदललेल्या जंतूंवर पैसा ओतून हे गणित फार हलेल असं मला वाटत नाही. अमेरिकेत आयोवात ड्यूपॉन्टने 2015 मध्ये मक्याच्या ताटांवर चालणारा केवढा कारखाना उभारला! झायमोमोनास जिवाणूला ग्लुकोज आणि झायलोज या दोन्ही साखरा पचवायला लावलं होतं. 2017 मध्ये कुलूप.

लॅबवाली: अर्धवट सांगताय. त्याच वर्षी ड्यूपॉन्ट आणि डाऊ एकत्र आल्या, मग हा धंदाच नकोसा झाला. त्यात जंतूचा काय दोष? पेंढ्यातल्या साखरेचा जवळपास तिसरा हिस्सा झायलोज असतो आणि साधं बेकरीचं यीस्ट तिला तोंड लावत नाही. शास्त्रज्ञ नॅन्सी हो यांनी पर्ड्यू विद्यापीठात 90 च्या दशकात जनुकं घालून ते जमवलं. तरी यीस्ट आधी ग्लुकोज फस्त करतं, मग झायलोजकडे वळतं. वर पेंढा आम्लात शिजवताना सुटणारं फुरफुराल आणि ॲसेटिक आम्ल त्याला मारक. हे सोडवायचंच नाही का?

पऱ्हाटीवाला: ताई, फुरफुराल राहू द्या. तिकडे पानिपतच्या बाजूला भात निघाल्यावर गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात पेंढ्याचे गठ्ठे बांधणारे बेलर आणायचे कुठून, गठ्ठे रचायचे कुठे? भिजले की काळे पडतात, पेटले तर विचारूच नका. गठ्ठ्यासोबत माती-खडे येतात ते वेगळेच, यंत्राची पाती खाऊन टाकतात. आमच्याकडे कापसाची पऱ्हाटी चुलीत जाते नाहीतर रोटाव्हेटरखाली. ती फुकट पडलीय असं फक्त शहरात वाटतं.

लॅबवाली: गोळा करण्याचा त्रास मान्य. मग साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं घ्या, तो जागेवरच असतो.

बांधावरून: तो बॉयलरमध्ये जातो हो! सहवीज विकून कारखाने कर्जाचे हप्ते भरतात.

लॅबवाली: साखर काढल्यावर लिग्निन, म्हणजे काडाचा साखर नसलेला लाकडी भाग उरतोच की, तो जाळा. आणि जंतूंनी खर्च कमी होतो हे दिसलंय: मक्याच्या इथेनॉलसाठी अमेरिकेत स्टार्चची साखर करणारं ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम स्वतःच बनवणारं यीस्ट वापरतात, एन्झाइम कमी विकत घ्यावं लागतं.

बांधावरून: मक्याचा स्टार्च सुटायला सोपा, काडातला सेल्युलोज नाही. लिग्निनवर बॉयलर चालेलही, पण विकायला वीज किती उरेल? तो आकडा मांडा, मग बोलू.