ओमानच्या आखातातले आर्गो फ्लोट: ३०० मीटरवरची क्षारतावाढ खरी का?

खाडीकाठ: ओमानच्या आखातातल्या आर्गो फ्लोटच्या (समुद्रात वरखाली होत तापमान-क्षारता मोजणारी तरंगती यंत्रं) नोंदींत ३०० मीटर खोलीवर क्षारता वर्षागणिक चढतेय. इराणच्या आखातातलं पाणी तापल्याचा हा परिणाम मानायचा का? आणि इथे पोचणारं तांबड्या समुद्राचं खारट पाणी त्यातून वेगळं कसं काढायचं?

सिग्मा२६: खोली नको, घनता धरा. एखादा भोवरा सरकला तरी थर वरखाली होतो आणि खोटा कल दिसतो. इराणच्या आखातातल्या पाण्याचा गाभा सिग्मा-थीटा (घनता, किलो प्रति घनमीटर, उणे १०००) २६.६ च्या आसपास, साधारण २०० ते ४०० मीटरवर. तांबड्या समुद्राचं २७.२ जवळ, ५०० ते ८०० मीटरवर.

मीठमोजणी: त्याआधी डेटा गाळा. डिलेड-मोडच्या (मागाहून तपासलेल्या) दुरुस्त नोंदी, क्वालिटी फ्लॅग १ (म्हणजे 'चांगली नोंद'), बाकी सगळं बाहेर. काही सेन्सर हळूहळू खारट बाजूला सरकतात. १५०० मीटरखाली पाणी फारसं बदलत नाही, तिथेही तेवढीच वाढ दिसली तर दोष सेन्सरचा. आणि प्रॅक्टिकल (विद्युतवाहकतेवरून काढलेली, एकक नसलेली) व अ‍ॅब्सोल्यूट (ग्रॅम प्रति किलोतली) क्षारता एकाच आलेखात मिसळू नका, तिथेच ०.१७ ची फुकटची वाढ मिळते. हे फार जण करतात.

सिग्मा२६: बरोबर. शिवाय एकाच घनतेच्या थरावर तापमान वाढलं की क्षारताही वाढलेलीच दिसणार (गरम पाणी हलकं, तीच घनता राखायला मीठ जास्त लागतं), तो वेगळा पुरावा नव्हे. म्हणून क्षारतेच्या शिखराची घनता आणि खोली, दोन्ही वर्षवार काढा. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून तळालगत बाहेर पडणारं पाणी तापून हलकं झालं, तर ते कमी खोलीवर पसरेल आणि खालच्या ऑक्सिजन-तुटीच्या थराला मिळणारा पुरवठा घटेल. फ्लोटवर ऑक्सिजन सेन्सर असेल तर तोही तपासा.