'कॅनाबिस'ला मराठीत काय म्हणायचं, गांजा की भांग?

सीताबर्डीकर: गांजाविषयीचे कायदे आणि लोकांची नजर कशी बदलत गेली, यावरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करतोय. मूळ लेखात सगळीकडे 'कॅनाबिस' आहे. मी 'गांजा' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून सरसकट 'भांग' केलं. झाडाचं नाव भांगच, म्हणाल्या. पण 'कॅनडाने २०१८ मध्ये भांग कायदेशीर केली' हे वाचून इथल्या माणसाला होळीची थंडाई आठवणार. काय लिहू?

कोर्टकचेरी: या दोन शब्दांची अदलाबदल करू नका. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून पानांची भांग त्यात येत नाही. तिच्यावर महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचा लगाम आहे. माझ्याकडच्या एका प्रकरणात पंचनाम्यात 'हिरवट पाला, देठ व बोंडे' एवढंच होतं, सगळं एकाच पोत्यात तोललेलं. शेंडे किती आणि पाला किती, यावरच जामिनाचा सगळा वाद झाला. एक किलोच्या आत आणि वीस किलोच्या वर, यांच्या शिक्षेत जमीनअस्मानाचा फरक आहे.

महालची_ताई: आमची आजी 'सासूनं लई गांजलं' म्हणायची. हे गांजावरूनच आलं असेल ना? गांजा ओढणारा घरच्यांना गांजतोच.

व्युत्पत्तीवेडा: नाही ताई. गांजणे हे संस्कृत 'गञ्जन', म्हणजे तिरस्कार, याच्या घरातलं. आणि केसांचा भांग पुल्लिंगी, नशेची भांग स्त्रीलिंगी. आवाज सारखा म्हणून नातं जोडू नये. खरं तर आयुर्वेदातला 'विजया' हा शब्द असताना 'कॅनाबिस' कशाला हवा?

इतवारीवाला: काहून बाप्पा? विजया म्हणून कोण ओळखते? लोकं गांजाच म्हणतात, तेच लिहा.

जुनी_कागदपत्रं: लोकांचा शब्द तोच राहिला, पण त्याची किंमत बदलली. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि प्रांतातली गांजाची लागवड निमाडात खंडव्याकडे होई. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असा कमिशनचा निष्कर्ष होता. गांजा परवान्याच्या दुकानात मिळायचा. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने नशेसाठीचा वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत दिली, आणि १९८५ चा कायदा आला. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारत बाजूने होता. त्यामुळे १८९३ चा 'गांजेकस' आणि आजचा 'आरोपी' एकाच शब्दात कोंबू नका.

व्युत्पत्तीवेडा: गांजेकस तेव्हाही शिवीच होती.

जुनी_कागदपत्रं: शिवी होती, गुन्हा नव्हता. फरक तोच तर आहे.

सीताबर्डीकर: पण झाडाला काय म्हणू? लेख परवा द्यायचाय.

इतवारीवाला: गांजाचं झाड.

व्युत्पत्तीवेडा: भांगेचं. म्हण 'तुळशीत भांग' अशी आहे, 'तुळशीत गांजा' नाही.

कोर्टकचेरी: म्हणीवर जामीन मिळत नाही. आरोपपत्रात 'गांजाची झाडे' असंच असतं.