जुनी प्लेटिंगची जागा, तळघराची खोदाई सुरू, आणि भूजलाचे आकडे एकमेकांशी जुळेनात

प्रश्न: गाळणी

नमस्कार मंडळी. जागेवर पूर्वी क्रोम प्लेटिंग आणि धातूचे भाग ट्रायक्लोरोइथिलीनने धुण्याचं काम चालायचं. शेड पाडून आता दोन मजली तळघराची खोदाई चालू आहे, त्यासाठी पाण्याचा उपसाही. चार निरीक्षण विहिरी आहेत: ५० मिमी पीव्हीसी, खोली १२ मीटर, ३ ते १२ मीटर स्लॉटेड (पाणी आत यायला चिरा पाडलेला भाग). पाणी ४-५ मीटरवर. नमुने बेलरने (दोरीने सोडायच्या नळीसारख्या बादलीने) घेतले जातात.

पाडकामानंतर असं झालं:
विहीर २: एकूण क्रोमियम ०.०८ वरून ०.४२ मिग्रॅ/लिटर, पण हेक्साव्हॅलंट (क्रोमियमचा विषारी, सहज विरघळणारा प्रकार) फक्त ०.०३.
विहीर ३: पीएच ७.३ वरून ११.४.
विहीर ४: ट्रायक्लोरोइथिलीन आधी ६० मायक्रोग्रॅम/लिटर, आता अहवालात 'आढळले नाही'.

यातलं खरं काय मानायचं? आणि काम चालू असताना नमुने किती वेळा घ्यावेत?

उत्तर: तळगाळ

विहीर २ चा ०.४२ हा बहुधा गाळाचा आकडा आहे. बेलर आपटला की तळाचा गाळ ढवळतो. तोच गढूळ नमुना न गाळता आम्लात टाकला की मातीच्या कणांना चिकटलेलं ट्रायव्हॅलंट क्रोमियम (त्याचा कमी घातक प्रकार) सुटून 'एकूण' मध्ये मोजलं जातं. वर शेजारी यंत्रांची धडधड चालू असेल तर बारीक माती स्लॉटमधून आत येतेच.

पुढच्या वेळी एकाच वेळी तीन बाटल्या भरा: न गाळलेली, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ खाली आणलेली, आणि हेक्साव्हॅलंटसाठी वेगळी गाळलेली. या तिसरीत आम्ल अजिबात नको, आम्लात हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट होतं. ती थंड ठेवून २४ तासांत तपासा. प्रयोगशाळा लांब असेल तर अमोनियम बफरने पीएच ९.३ ते ९.७ ठेवण्याची पद्धत आहे, त्याने मुदत २८ दिवसांपर्यंत वाढते.

साध्या पीएचच्या पाण्यात ट्रायव्हॅलंट जवळजवळ विरघळत नाही. म्हणून गाळलेल्या नमुन्यातलं एकूण क्रोमियम आणि हेक्साव्हॅलंट साधारण जुळायला हवं. हेक्साव्हॅलंट एकूणपेक्षा ठळकपणे जास्त दिसलं, तर तो अहवाल सरळ परत पाठवा.

बेलर बंद करा. ब्लॅडर किंवा पेरिस्टाल्टिक पंपाने मिनिटाला ०.१ ते ०.५ लिटर, विहिरीतली पातळी १० सेमीपेक्षा जास्त उतरू न देता. दर ३ ते ५ मिनिटांनी वाचन घ्या. सलग तीन वाचनांत पीएच ±०.१, वाहकता ±३ टक्के, ओआरपी (ऑक्सिडेशन-रिडक्शनचा विद्युतदाब) ±१० मिलिव्होल्ट इतक्यात राहिलं आणि गढूळपणा १० एनटीयूखाली आला की मगच बाटली भरायची. फक्त ट्रायक्लोरोइथिलीनसाठी पेरिस्टाल्टिक टाळा, ओढीमुळे ते वाफ होऊन निसटतं.

उत्तर: पीएचवाला

विहीर ३ बद्दल. ११.४ हा सिमेंटचा पीएच आहे, प्लेटिंगचा नव्हे. दोन शक्यता. विहिरीच्या वरचं बेंटोनाइटचं (फुगणाऱ्या चिकणमातीचं) सील तडकलं असेल आणि ग्राउट (भरायचं सिमेंटचं मिश्रण) किंवा काँक्रीटचं धुवण स्लॉटभोवतीच्या गाळणीच्या वाळूत उतरलं असेल. नाहीतर पाडलेल्या काँक्रीटचा चुरा जवळ भराव म्हणून टाकला असेल आणि पावसाचं पाणी त्यातून झिरपत असेल.

फरक ओळखायचा तर नमुन्याआधी विहिरीतलं पाणी उपसताना पीएचवर नजर ठेवा. ताजं पाणी येताच तो ८ च्या आसपास उतरला आणि विहीर काही दिवस न छेडता ठेवल्यावर परत चढला, तर दोष विहिरीत. ती बदला. उपसूनही ११ वर अडून राहिला, तर भोवतालचं पाणीच तसं झालंय, भराव तपासा.

याकडे 'नुसता चुना' म्हणून काणाडोळा करू नका. पीएच वाढला की मातीला धरून बसलेलं क्रोमेट सुटतं. म्हणजे भरावामुळे जुनं प्रदूषण नव्याने हलतं.

गाळणी

विहीर ३ पासून ६ मीटरवर काँक्रीटचा चुरा खरंच टाकलाय. पण विहीर ४ चं काय? तिथलं 'आढळले नाही' ही चांगली बातमी समजायची का?

उत्तर: पाणपातळी

अजिबात नाही. आधी चारही विहिरींची पातळी एकाच दिवशी, केसिंगच्या (विहिरीच्या पाइपच्या) ठरलेल्या खुणेपासून मोजा. अवजड यंत्रं फिरली की केसिंग खचते, म्हणून खुणेची उंची पुन्हा लेव्हलिंगने घ्या, मिलिमीटरपर्यंत. तो खुणेचा आकडा चुकीचा असेल तर प्रवाहाची दिशाही चुकीचीच निघणार. दिशा ठरवायला एका रेषेत नसलेल्या तीन विहिरी पुरतात, पण उपशाने खड्ड्याभोवती पाणीपातळीचा कटोरा तयार होतो, त्याला चारही कमीच.

माझा अंदाज: उपसा प्रदूषित पाणी खड्ड्याकडे ओढतोय आणि विहीर ४ मध्ये आता भलतीकडचं स्वच्छ पाणी येतंय. त्यामुळे उपशाचं पाणीही तपासा. तासाला २० घनमीटर उपसा आणि त्यात क्रोमियम ०.५ मिग्रॅ/लिटर धरलं, तर दिवसाला २४० ग्रॅम बाहेर जातं. ते सरळ गटारात सोडता येणार नाही.

शिवाय हे तपासा: ४० मिलि कुपीत हवेचा बुडबुडा होता का (ट्रायक्लोरोइथिलीन त्यात निसटतं), प्रयोगशाळेची मोजण्याची किमान मर्यादा किती होती, आणि सिस-डायक्लोरोइथिलीन व व्हिनाइल क्लोराइड मोजलं का. ट्रायक्लोरोइथिलीन घटून ती दोन वाढली असतील तर विघटन चालू आहे. पण व्हिनाइल क्लोराइड मूळ पदार्थापेक्षा जास्त घातक, त्यामुळे सुटकेचा श्वास नको.

९ मीटर लांब स्लॉट हाही घोळच. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड, मूळ द्रव खाली जाऊन अभेद्य थरावर साचतो, आणि तुम्ही अख्ख्या ९ मीटरची सरासरी मोजताय. शेजारी दीड ते तीन मीटर स्लॉटच्या दोन विहिरी घ्या, एक उथळ आणि एक खोल. खोल बोअर करताना तो थर भोसकू नका, नाहीतर तुमच्याच हाताने प्रदूषणाला खाली वाट होईल.

उत्तर: तळगाळ

वारंवारिता: उपसा चालू असेतो पातळी रोज, शक्य तर लॉगरने (आपोआप नोंद घेणाऱ्या यंत्राने). पीएच आणि वाहकता आठवड्याला, पूर्ण रसायनं महिन्याला. उपसा बंद झाला की महिन्याला तपासणी चालूच ठेवा, पातळी वर येताना कोरडी झालेली प्रदूषित माती पुन्हा भिजते आणि आकडे उसळतात. चार तिमाहीत कल स्थिर दिसल्याशिवाय विहिरी कमी करू नका. दर १० नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना, आणि उडून जाणाऱ्या द्रव्यांच्या प्रत्येक शीतपेटीत एक प्रवासी कोरी कुपी (शुद्ध पाण्याची, न उघडता नेली-आणलेली).

तळघरात येणारी विहीर खोदाईआधीच बंद करा: केसिंग काढून, तळापासून पाइपने बेंटोनाइट-सिमेंट ग्राउट वर भरत यायचं. नुसती माती ढकलून वर झाकण ठेवलं तर ती पोकळी पृष्ठभागावरचं सगळं थेट खाली नेते.