कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी असे नव्हे

छोटी हॅचबॅक जुनी घेताना सर्वांत कमी चाललेलीच निवडावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो; त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. ओडोमीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो, पण क्लचच्या पेडलवरचे झिजून गुळगुळीत झालेले रबर सहसा कोणी बदलत बसत नाही. त्यामुळे ३०,००० किलोमीटर सांगणाऱ्या गाडीत ते दिसले, तर मी तिथूनच माघारी फिरेन. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खरोखरच कमी चाललेली गाडी वर्षानुवर्षे उभी असेल, तर टायर, होज (इंजिनाच्या रबरी नळ्या) आणि बॅटरी ही वयानेच थकलेली असतात. इंजिन आधी तापवून ठेवू नये असे विक्रेत्याला बजावून, पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावे (विक्रेता आपले दर वेळी ऐकतोच असे नाही), कारण थंड इंजिन सुरू होतानाचा खडखडाट किंवा निळसर धूर गरम इंजिनात लपून जाऊ शकतो. रंगावरच्या ओरखड्यांकडे मात्र खुशाल दुर्लक्ष करावे. भाव करताना ते उलट उपयोगीच पडतात.