कुबर पेडीला निघालेल्या परिचारिकेसाठी तिथली बोली इंग्रजी

प्रश्न : वणीकर

माझी मुलगी परिचारिका असून तिला दक्षिण ऑस्ट्रेलियातील कुबर पेडी येथील लहानशा रुग्णालयात नोकरी मिळाली आहे. हे गाव अॅडलेडच्या उत्तरेस सुमारे 850 किलोमीटरवर वाळवंटात असून 1915 साली एका 14 वर्षांच्या मुलाला तिथे ओपल हे रत्न सापडल्यामुळे खाणींभोवती वसले, एवढी माहिती आम्ही मिळवली आहे. उन्हाची आम्हाला धास्ती नाही. वणीत मे महिना काढलेल्या माणसाला 45 अंशांचे नवल वाटत नाही. काळजी आहे ती भाषेची. इंग्रजीच्या परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले, तरीही तिथल्या सहकारी परिचारिकेशी फोनवर बोलताना 'आर्वो', 'स्मोको', 'क्रुक' असे शब्द एकामागून एक येत राहिले आणि तिला दर वाक्याला थांबावे लागले. रुग्णाशी बोलताना असे होऊन चालणार नाही. त्या भागात राहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आर्वीची परिचारिका

काका, औषधाच्या वेळेशी निगडित शब्द तिने आधी पक्के करावेत. 'आर्वो' म्हणजे दुपार आणि 'स्मोको' म्हणजे कामातली चहाची सुट्टी, हे दोन दिवसांत अंगवळणी पडते. खरी अडचण 'टी' या साध्या शब्दाची आहे, कारण तिकडच्या अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. "गोळी टीनंतर घेतली," असे रुग्णाने सांगितले आणि आपण चार वाजताचा चहा समजलो, तर नोंदीतली वेळ कित्येक तासांनी चुकते.

'क्रुक' म्हणजे आजारी. पण खाणीत किंवा गुरांच्या मागे आयुष्य गेलेला माणूस "जरा क्रुक वाटतंय" म्हणतो तेव्हा त्यातल्या 'जरा'वर विसंबू नये. दुखणे कमी करून सांगण्याची तिथे रीतच आहे, त्यामुळे नाडी, रक्तदाब आणि छातीतल्या दुखण्याची चौकशी नेहमीप्रमाणे पूर्ण करावी. 'या, ना', म्हणजे 'हो, नाही', असे जोडून आले तर उत्तर बहुधा नकारार्थी असते आणि 'ना, या' आले तर होकारार्थी. शेवटचा शब्द धरावा. सहकाऱ्यांनी 'ब्रिंग अ प्लेट' म्हणून बोलावले, तर रिकामी थाळी न नेता चार जणांना पुरेल असा पदार्थ करून न्यावा.

उत्तर : हिंगणघाटचा मेकॅनिक

मी त्या बाजूला एका 'स्टेशन'वर, म्हणजे अफाट पसरलेल्या गुरांच्या कुरणावर, वाहनदुरुस्तीचे काम केले आहे. भगिनीने गाडी चालवण्यापूर्वी पाण्याचे आणि रस्त्याचे शब्द समजून घ्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 'डॅम' ऐकून इसापूर किंवा ऊर्ध्व वर्धा डोळ्यांसमोर आणू नये. तिथे शेततळ्यालाच डॅम म्हणतात, आणि तेही कोरडे असू शकते. 'क्रीक' नकाशावर निळी दिसली तरी प्रत्यक्षात बहुतेक वेळ वाळूच असते. 'बोर' मात्र आपलाच बोर आहे. कुबर पेडीचे पिण्याचे पाणीसुद्धा खोल बोरचे खारे पाणी आरओने शुद्ध करून मिळते. 'बुलडस्ट' म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या खड्ड्यात साचलेली पिठासारखी धूळ. वरून रस्ता सपाट दिसतो आणि चाक एकदम खाली जाते. "इथून जवळच आहे," असे कोणी म्हटले तर किलोमीटर विचारावेत, कारण दक्षिणेकडचे पोर्ट ऑगस्टा 500 किलोमीटरहून अधिक दूर आहे.

गावाबाहेरच्या ढिगांना 'मलक' म्हणतात. आपल्या कोळसा खाणींजवळच्या ओबीच्या, म्हणजे खोदून बाहेर टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगांसारखेच ते असतात, फक्त आकाराने लहान. त्यांत राहून गेलेले ओपल वेचण्याला 'नूडलिंग' हा शब्द आहे. हौस म्हणून ते जरूर करावे, पण ठरवून दिलेल्या जागीच, कारण आजूबाजूला न बुजवलेले उभे खड्डे आहेत आणि पाठमोरे चालू नका, असे फलकही तिथे लावलेले आहेत.

उत्तर : झरी जामणीचा आरोग्यसेवक

वरच्या उत्तरांत एक मोठा विषय राहिला आहे. तो परिसर मुळात अंताकिरिंजा मातू-यंकुनिजाजरा लोकांचा आहे आणि रुग्णांत मूलनिवासी माणसे असतीलच. त्यांच्या इंग्रजीत 'डेडली' म्हणजे फार छान, 'मॉब' म्हणजे आपली माणसे आणि 'सॉरी बिझनेस' म्हणजे मृत्यूनंतरचा दुखवटा. 'सॉरी बिझनेस'साठी एखादा रुग्ण ठरलेल्या तारखेला आला नाही, तर त्याला बेजबाबदार ठरवू नये. अनेक समाजांत त्या काळात मृताचे नाव घेणेही टाळतात.

आमच्याकडे कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, "गोळ्या घेतल्या का?" असे विचारले की मान राखण्यासाठी पुष्कळदा 'हो' म्हणतात. तिकडेही असा होकार मिळू शकतो. म्हणून 'हो-नाही'चा प्रश्न टाळून, "कोणती गोळी कधी घेतली, मला दाखवा," असे शांतपणे विचारावे आणि उत्तर येईपर्यंतची शांतता भरून काढण्याची घाई करू नये.

वणीकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. 'डगआउट'मध्ये राहण्याची सोय होईल असे तिला कळवले आहे. जमिनीखाली कोंडल्यासारखे होत नाही ना?

आर्वीची परिचारिका

होत नाही, काका. डोंगराच्या पोटात दगड कोरून केलेल्या त्या खोल्यांना हवेसाठी वर नळ्या काढलेल्या असतात आणि आत बाराही महिने 23 ते 25 अंशांच्या आसपास तापमान राहते. खिडक्या नसल्यामुळे दिवस उजाडलेला कळत नाही, तेव्हा सकाळच्या पाळीसाठी तिने गजराचे घड्याळ सोबत न्यावे.